खाडीच्या चवीचा हौद

परवा मुलीनं तिच्या फोनवर मला एक व्हिडिओ दाखवला. पुण्यातल्या कुणाच्या तरी गच्चीवर निळ्या पिंपांत मासे सोडलेले, वर पांढऱ्या नळ्यांतून हिरवीगार भाजी, आणि एक छोटी मोटर तेच पाणी खालून वर नि वरून खाली फिरवत होती. माशांच्या घाणीवर भाजी पोसते आणि भाजी पाणी निवळून परत माशांना देते. त्याला अ‍ॅक्वापॉनिक्स म्हणतात, असं तिनं सांगितलं. मी म्हटलं, हे मी पूर्णेला केलं होतं, क्वार्टरच्या मागच्या अंगणात. ती हसली आणि पुढचा व्हिडिओ लावला. मीही पुढं काही बोलले नाही. सहावीतून शाळा सोडलेली बाई असं काही सांगू लागली की समोरच्याला वाटतं, ही आता उगाच काहीतरी जोडतेय. पण तेव्हापासून तो हौद डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून लिहायला बसले.

लग्न होऊन मी पूर्णेला आले ती मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची वर्षं. माझं माहेर आणि सासर दोन्ही मालवणकडचं, एकाच खाडीच्या दोन काठांवर. आमचं घर रापणीचं. किनाऱ्यावरून दहा-वीस माणसांनी ओढायचं लांबच्या लांब जाळं म्हणजे रापण. आई गेली तेव्हा मी सहावीत होते. धाकट्या भावंडांना कोण बघणार, म्हणून माझं दप्तर खुंटीला लागलं ते कायमचंच. यजमान रेल्वेत इंजिनावर फायरमन. कोळसा टाकायचं काम. त्यांना पूर्णेला क्वार्टर मिळालं आणि मी त्यांच्याबरोबर समुद्र सोडून आले.

पूर्णा जंक्शन, त्यामुळं दिवसरात्र गाड्यांचा आवाज. लोकांना वाटतं, इतक्या आवाजात माणसाला एकटं वाटणार नाही. माझं उलटं झालं. आमच्याकडं समुद्राचा आवाज सतत असायचा, आणि तो कुणासाठी नसायचा. इथला प्रत्येक आवाज कुणाला तरी न्यायला नाहीतर कुणाला तरी सोडायला आलेला. ड्यूटीला बोलावणारा रेल्वेचा माणूस दाराची कडी वाजवायचा, यजमान डबा घेऊन निघायचे, आणि मग दोन दिवस, कधी तीन दिवस घरात मी एकटी. भाषाही वेगळी. "काय करायलाव वैनी?" असं कुणी विचारलं की मला उत्तर सुचेपर्यंत ती बाई पुढं गेलेली असे. मी जेवायची नाही. एका माणसासाठी चूल कशाला पेटवायची, असं म्हणून चहावर दिवस काढायची. अंगावरचे ब्लाउज सैल होत गेले.

मासे सोडले ते खरं तर यजमानांसाठी. बाजाराच्या दिवशी नदीवरची एक भोईण मडक्यात जिवंत मासे घेऊन यायची. पण यजमान बाजाराच्या दिवशी घरी असतीलच असं नाही. मागच्या अंगणात धुण्याचा एक जुना विटांचा हौद होता, तडा गेलेला. मी तडा सिमेंटनं बुजवला, आठवडाभर पाणी भरून ओतून त्याचा सिमेंटचा वास घालवला आणि भोईणीकडून बोटाएवढे रोहू आणून त्यात सोडले. वाढतील, आणि हे येतील तेव्हा ताजा मासा ताटात पडेल, एवढाच हिशेब. भोईण मला म्हणाली, "हे गोड्या पान्यातले हायेत बरं का बाई. तुमच्या दर्यातल्यासारखे न्हाईत." मी मान हलवली. मला त्या काळात कुणालाच नाही म्हणता येत नसे, म्हणून मी सगळ्यालाच मान हलवायची.

पंधरवड्यात हौदाचं पाणी हिरवं झालं आणि वास यायला लागला. पाणी बदलायचं तर आणायचं कुठून? नळ सकाळी तासभर, संध्याकाळी त्याहून कमी, आणि उन्हाळ्यात दिवसाआड. तरी दोन-चार बादल्या घाण पाणी काढून मोरीच्या तोंडाशी ओतलं. तिथं मी गावाहून आणलेला अळवाचा एक कांदा सहज खोचून ठेवला होता. आठ-दहा दिवसांत त्याचं पान माझ्या गुडघ्यापर्यंत आलं. माहेरी विहिरीच्या पाटाला येतं तसं काळ्या देठाचं, जाड. मी त्या पानाकडं बघत बसले. मासे ज्यात गुदमरायला लागले होते त्याच पाण्यानं हे तरारलं होतं. मग वाटलं, पाणी फेकायचं कशाला? झाडातून गाळून परत हौदात पडलं तर?

डबे बाजारातून मिळाले, तेलाचे, चौकोनी पत्र्याचे. किराणावाला रिकामे डबे स्वस्तात द्यायचा. मी ते आडवे धरून एक बाजू कापून घेतली, बुडाला खिळ्यानं भोकं पाडली आणि हौदाच्या कडेला विटा रचून त्यावर पायऱ्यांसारखे मांडले. वरच्या डब्यातलं पाणी मधल्यात, मधल्यातलं खालच्यात, खालच्यातलं हौदात. आता आत भरायचं काय, हा प्रश्न. रुळाखालची खडी समोरच पडलेली होती, पण तिला हात लावायचीसुद्धा मला भीती. यजमानांची नोकरी जाईल असं काहीतरी वाटायचं.

तेव्हा शेजारच्या क्वार्टरमधल्या मावशी पहिल्यांदा भिंतीवरून डोकावल्या. त्यांचे यजमान गँगमन होते, रुळांच्या देखभालीला. त्या पन्नाशीच्या, आवाज भरदार.

"काय करायलीस गं माय? डब्याचं दुकान मांडलंस का?"

"माशांसाठी आहे," मी म्हटलं.

"माशाला घर बांधायलीस?" त्या भिंतीवर कोपर टेकून नीट उभ्या राहिल्या. "आमाला रेल्वेनं इतक्या वर्सांत एक खोली वाढवून दिली न्हाई. माशाला तीन मजले."

मी खडीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "खडीला हात लावू नकोस. शेडच्या मागं इंजिनातल्या कोळशाची जळकी ढेकळं पडलेली असत्यात. कुणी कुत्रं बी इचारत न्हाई. धुऊन घे, बास."

त्या ढेकळांना बारीक बारीक भोकं असायची, स्पंजासारखी. मी पोती भरून आणली आणि चार-पाच पाण्यांत धुतली. पहिलं पाणी इतकं काळं निघालं की मावशी म्हणाल्या, "तुझ्या धन्याला बी ह्यातच बुचकळून काढ एकदा." मग त्यात अळू लावलं, मेथी टाकली, मिरचीची रोपं खोचली.

मोटर कुठली असणार? एक मोठा डबा घ्यायचा, हौदात बुडवायचा, सगळ्यात वरच्या डब्यात रिता करायचा. सकाळ, दुपार, संध्याकाळ. हात भरून यायचे. पण पाणी ढेकळांतून झिरपत, थेंब थेंब करत खाली पडायला लागलं की मासे त्या थेंबांखाली येऊन थांबायचे. पाणी हळूहळू निवळलं. वास गेला. शेंगदाण्याची पेंड कुस्करून टाकली की वर यायचे. मी त्यांच्याशी बोलायची का? बोलायची. आमच्या बोलीत बोलायची. तिथं ती बोली ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं.

क्वार्टरांच्या ओळीच्या टोकाला एका क्लार्कची बायको राहायची. ती एकदा नळावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्या शेजारणीकडं लय जाऊ नका वैनी. सध्या दिवस बरे न्हाईत." मावशींच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. नामांतरावरून गावोगावी काय झालं, कुठं घरं जाळली, हे लोक नळावर हळू आवाजात बोलायचे आणि मावशी कळशी घेऊन आल्या की थांबायचे. मी क्लार्कच्या बायकोलाही मान हलवली. तरी मावशी भिंतीशी आल्या की मी हातातलं काम टाकून जायचीच.

थंडी पडायला लागली आणि एकदा त्याच वादात बंद पुकारला गेला. गाड्या जिथं होत्या तिथं थांबल्या. यजमान हिंगोलीच्या बाजूला गेलेले. एक दिवस गेला, दोन गेले. स्टेशनाकडून येणारा कुणीही काहीही सांगायचा. मी दार लावून बसले. फक्त हौदाला पाणी द्यायला बाहेर पडायची आणि परत आत. त्या दिवसांत मावशींच्या घरात दिवाही लवकर मालवायचा. त्यांना त्यांची वेगळी भीती होती, माझ्यापेक्षा कितीतरी खरी. तरी तिसऱ्या दिवशी त्या भिंतीशी आल्या.

"तुझा धनी हिंगोलीच्या अलीकडं हाय. गाडी उभी हाय. आमच्या मान्साला लाइनवरून सांगावा आलाय. जेवायलाय, झोपायलाय, सगळं करायलाय. तूच तेवढी उपाशी बसलीस." आणि भिंतीवरून भाकरी पुढं केली, वर ठेचा. मी ती उभ्या उभ्याच खाल्ली. ते ऋण आहे माझ्यावर. आजही ज्वारीची भाकरी समोर आली की आधी ती भिंत आठवते.

यजमान परत आले. चेहरा कोळशानं काळा, डोळे तांबडे. मला बघून दारातच थांबले. मी किती उतरलेय ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं असावं. जेवताना म्हणाले, "हंयसर तुका एकटीक ठेवन माझो जीव लायनीर लागणा नाय. शिमग्याक गावाक जाताना तुका नेऊन सोडतंय. उन्हाळ्यात हंय पाणीसुदा नसता. पावसानंतर बघूया."

मी मान हलवली.

'पावसानंतर बघूया' हे मी आधी ऐकलं होतं. माझ्या थोरल्या बहिणीला तिच्या नवऱ्यानं असंच म्हणून मुंबईहून गावी सोडलं होतं. पाऊस संपला, दुसरा पाऊस संपला. तो दोनदा यायचा, गणपतीला आणि शिमग्याला, आणि ती बाकीचं वर्ष बंदरावर टोपल्या उचलायची. आमच्या वाडीत निम्म्या बायका अशा सोडलेल्या. टाकलेल्या नव्हे, कुणी तसं म्हणायचं नाही. नवरे चांगलेच होते त्यांचे. पैसे पाठवायचे. पण एकदा सोडली की राहिली. माझे यजमानही चांगले होते, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

मी मनाशी धरलं, शिमग्यापर्यंत हा हौद असा करून दाखवायचा की हे म्हणतील, हिला इथं करमतंय. उन्हाळ्यात पाणी नसतं म्हणता ना? हे तेच पाणी फिरतंय, नवं मागत नाही. घरची भाजी, घरचा मासा. मग कशाला सोडायचं हिला? तोंडानं मला नाही म्हणता येत नव्हतं, ते मी हौदाकडून वदवून घेणार होते. आता लिहिताना मला हे कळतंय. तेव्हा फक्त पाणी ओतत होते.

आणि नेमके संक्रांतीच्या पुढं मासे आजारी पडले. अंगावर पांढरे पुंजके दिसायला लागले, कापूस चिकटल्यासारखे. आधी एका माशाच्या शेपटीला, मग दोन-तीन माशांच्या पाठीला. ते कोपऱ्यात एका जागी थांबायचे, पेंड टाकली तरी वर यायचे नाहीत. एक मासा सकाळी उलटा तरंगताना दिसला. मी तो हातात घेतला आणि घाबरले. मेलेले मासे मी जन्मभर पाहिले होते, टोपल्याच्या टोपल्या. पण एक मासा मेला म्हणून कधी घाबरले नव्हते.

कुणाला विचारणार? भोईण म्हणाली, थंडीनं होतं, जातं आपोआप. मला आपोआपचा भरवसा नव्हता. मला एकच औषध माहीत होतं. आमच्याकडं जखम झाली, काटा रुतला, काही चिघळलं, की समुद्राच्या पाण्यात पाय बुडवायचा. माझ्याकडं गावाहून आणलेलं खडे मीठ होतं, मिठागरातलं, करड्या रंगाचं. एका फडक्यात मूठभर बांधून मी हौदात सोडलं आणि ढवळलं.

किती घालायचं, याचं माप आमच्याकडं जिभेवर असतं. पावसाच्या सुरुवातीला वडील खाडीच्या तोंडाशी पाण्यात उभे राहायचे, ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकायचे आणि सांगायचे, वरून गोडं पाणी किती आलंय, आज रापण टाकायची की नाही. मीही तसंच केलं. एक मूठ, ढवळायचं, बोट बुडवून चाखायचं. अजून एक मूठ. काहीच लागत नव्हतं. मग थोडं लागलं. मग अजून एक मूठ टाकली आणि बोट जिभेला लावलं तर भर पावसातली आमची खाडी जिभेवर आली. ऐन आषाढात असते तशी, गढूळ, किंचित खारी. मी तिथंच हौदाच्या कडेला बसले. घर सोडून आल्यापासून पहिल्यांदा मला घरी असल्यासारखं वाटलं, आणि तेही तेलाच्या डब्यांच्या शेजारी. औषध म्हणून त्याआधीचंच मीठ पुरे होतं. शेवटच्या दोन मुठी मी माशांसाठी टाकल्या नाहीत.

मासे सुधारले. पुंजके विरघळल्यासारखे गेले, चारेक दिवसांत ते पुन्हा थेंबांखाली येऊन उभे राहिले. मला इतका आनंद झाला की मी मावशींना भिंतीवरून सांगितलं. त्या म्हणाल्या, "डाक्टरीन झालीस की."

रोज सकाळी मी पाण्याची चव घ्यायची. आणि रोज तेच पाणी डब्यात भरून वर ओतायची, मेथीवर, अळवावर, मिरचीवर.

आधी मेथीची टोकं पिवळी पडली. मला वाटलं, ऊन वाढलंय. मी जास्त पाणी ओतलं. मग मेथी बसलीच. अळवाच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळायला लागल्या, कागद विस्तवाजवळ धरल्यासारख्या. मिरचीनं फुलं टाकली. मी आणखी पाणी ओतलं. शेवटी वरच्या डब्यातल्या ढेकळांवर पांढरी साय धरलेली दिसली. बोट लावून चाखली आणि बोट तोंडातच राहिलं.

आमच्या वडिलांचं खाडीलगत एक शेत होतं. मी लहान असताना उधाणात बांध फुटला आणि खारं पाणी आत शिरलं. पाणी तर ओसरलं, पण त्या शेतात नंतर कित्येक वर्षं गवताचं पातं उगवलं नाही. उन्हाळ्यात मातीवर अशीच साय धरायची. मी त्या शेतातून शाळेत जायची. पूर्णेच्या दुसऱ्या कुठल्याही बाईला हे माहीत नसतं तर चाललं असतं. मला माहीत होतं आणि मीच तिथं खाडी आणून ओतली.

शिमगा तोंडावर आलेला. यजमान लाइनवर, दोन दिवसांत येणार, आणि समोर हा जळका पसारा. एकच उपाय होता. सगळं खारं पाणी उपसून टाकायचं, ढेकळं धुवायची, गोडं पाणी भरायचं. पण पाणी? फाल्गुन लागला होता आणि नळ दिवसाआड झाला होता. माझ्या वाटणीचं सगळं पाणी ओतलं तरी हौद गुडघाभर भरला नसता. मी मागच्या पायरीवर बसून रडले. मोठ्यानं नाही. भिंत बुटकी होती.

"रडायलीस का खोकायलीस?" मावशींचा आवाज.

मी सगळं सांगितलं. मीठ, साय, आणि शिमगा. गावी सोडणार आहेत हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडं दोन पिपं भरलेली हायेत. परवा लेक येणार म्हणून भरून ठेवलेली, पन तिचं येनं लांबलंय." आणि थांबल्या. "आमचं पाणी चालंल का?"

"मावशी, असं काय विचारता?" मी म्हटलं.

"तुला न्हाई, माशाला इचारायले," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. मग जरा हसल्या. "तुमचा नळ अन् आमचा नळ एकाच टाकीचा. तरी इचारलेलं बरं असतंय. न इचारता दिलं अन् उद्या कुणी तुला बोललं, तर तू एकटी बाई."

कुणी बोललंच. आम्ही भिंतीवरून बादल्या देत-घेत होतो, ते ओळीतल्या सगळ्यांना दिसत होतं. क्लार्कची बायको दोनदा आली आणि दोनदा परत गेली. मी तिच्याकडं बघून मान हलवली नाही. हात मोकळे नव्हते, हे एक कारण.

मासे आधी बाहेर काढले. आंघोळीच्या बादलीत, कळशीत, भाताच्या पातेल्यात, घरात जे भांडं होतं त्यात मासे. खारं पाणी उपसून शेडमागच्या राखेच्या ढिगावर नेऊन ओतलं, तिथं काही उगवायचं नव्हतंच. ढेकळं काढून मावशी पदर खोचून धुवायला बसल्या. म्हणाल्या, "आयुष्यभर मानसांचं धुतलं, आता इंजिनाचं धुवायले." नंतर घरातून अंबाडीचं बी घेऊन आल्या. मी कधी अंबाडी पाहिली नव्हती. "ही आमची भाजी हाय. हिला लाड लागत न्हाईत. मेथी नाजूक असती. ती मरू दे."

आणि त्या सगळ्या पसाऱ्यात यजमान आले. एक दिवस लवकर. डबे पालथे, अळू उपटून बाजूला टाकलेलं, हौद कोरडा. मावशी त्यांना बघून उठल्या आणि "येते गं" म्हणत आत गेल्या. यजमान अंगणाच्या दारात उभे राहिले. अंगभर कोळसा. सगळीकडं नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"आवरलंस?" ते म्हणाले. "बरा केलंस. मी पास काढलंय. परवाच्या गाडयेन जावया."

त्यांना वाटलं, मी निघायच्या तयारीनं सगळं मोडलंय.

मला अजून आठवतं, माझ्या हातात पातेलं होतं आणि त्यात एक रोहू गोल गोल फिरत होता. मी पातेल्याकडं बघूनच बोलले. "आवरूक नाय. धुवूक काढलंय."

"म्हंजे?"

"पाणी बदलतंय. नवीन भाजी लावतंय." आणि मग जे बोलायचं होतं ते आलं, पण फार हळू. "मी येवचंय नाय."

त्यांना ऐकू गेलं नाही, की ऐकू जाऊनही त्यांनी पुन्हा विचारलं, कोण जाणे. मी परत म्हटलं. आयुष्यात त्यांना म्हटलेलं ते पहिलं 'नाही'.

ते पायरीवर बसले. बूट सोडायला लागले, अर्धे सोडून थांबले. "शिमग्याक घरातली सून नाय म्हणजे लोक काय म्हणतले?" मग थोड्या वेळानं, "हंय एकटी रवशीत?"

"आता तरी खंय कोण आसता?" मी म्हटलं.

हे मी टोचायला म्हटलं नव्हतं. खरं होतं तेवढंच म्हटलं. पण त्यांना ते लागलं. आणि मलाही ते त्याच क्षणी कळलं, की हौदानं, माशांनी, भाजीनं माझं एकटेपण गेलं नव्हतंच. मला करमतंय हे मी दाखवणार होते ते खोटं होतं. मला करमत नव्हतं. पण गावी बंदरावर 'पावसानंतर'ची वाट बघत न करमण्यापेक्षा मला इथं न करमायचं होतं. इथं ते दोन-तीन दिवसांनी का होईना, कडी वाजवून घरी येत होते. हे सगळं मला तेव्हा असं मांडून सांगता आलं नसतं. मी म्हटलं ते एवढंच, "ताई कशी ऱ्हवली ता बघितलंय मी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ताईच्या नवऱ्याला ते ओळखत होते, बालपणीचे मित्र. मग उठले, टॉवेल घेतला, मोरीत गेले आणि परत आले.

"बालदी खंय आसा?"

"मासे आसत तेच्यात."

"आनी कळशी?"

"तेच्यातपण."

"मगे मी आंघोळ कित्यात करू?"

संध्याकाळी नळ येईपर्यंत ते तसेच काळे बसून राहिले. भिंतीपलीकडून मावशींचं खोकणं ऐकू येत होतं. ते खोकणं नव्हतं हे आम्हा दोघांनाही कळत होतं. नळ आला तेव्हा मावशींच्या बादलीनं पहिलं पाणी त्यांनी स्वतः हौदात ओतलं.

शिमग्याला ते एकटे गेले. पालखी नाचवायला घरातला एक तरी पुरुष हवाच, ते चुकवता येत नव्हतं. मी स्टेशनवर सोडायला गेले. मनमाडकडची गाडी लागलेली. खिडकीतून त्यांनी मला दार नीट लावायला सांगितलं, जेवायला सांगितलं, भीती वाटली तर मावशींना हाक मारायला सांगितलं. मावशींचं नाव त्यांनी तेव्हा पहिल्यांदा आपणहून काढलं. गाडी हलल्यावर म्हणाले, "आनी माशांका आता काय घालू नको."

मी शेडच्या रस्त्यानं परत आले. वाटेत नळावरच्या बायकांनी विचारलं, "गेले का साहेब? तुमी न्हाई गेलाव?" मी म्हटलं, नाही. कुणीतरी मागून म्हणालं, माशासाठी मागं राहिलीय, आणि बाकीच्या हसल्या. अगदीच खोटं नव्हतं ते.

घरी आले, दार लावलं, कडी घातली. भीती वाटायची ती वाटलीच. घर रिकामं झालं की भिंती जरा लांब सरकल्यासारख्या वाटायच्या, तशा त्या दिवशीही वाटल्या. पंधरा दिवस जायचे होते. मागचं दार उघडलं. अंबाडी अजून वर आली नव्हती, ढेकळं नुसती काळी दिसत होती. मी डबा उचलला आणि हौदात बुडवला.